डुकराचा रुपया

या, असे पुढे सरका. मागच्यांनी खांबाला टेकलं तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. कारण आजची गोष्ट चांदीच्या एका रुपयाची आहे, आणि त्याहून जास्त ती कानाची आहे. कुणी गोड गळ्यानं देवाचं नाव घेतलं की आपली मान आपोआप डोलते. आपण सगळे त्याच जातकुळीचे. म्हणून तर ही गोष्ट आपण आधी ऐकायला हवी. संपल्यावर दक्षिणा मागणार नाही, ताट फिरवणार नाही. एका माणसाची आठवण ठेवा, एवढंच मागेन. तो कोण, ते ओघात कळेल.

गाव आपल्या जोयडा तालुक्यातलंच. कुंभारवाड्याच्या रानातली एक वाडी. मळणी उरकली होती, गवताच्या उडव्या रचून झाल्या होत्या, माणसं जरा रिकामी होती. आणि रिकाम्या माणसांना कुठला तरी चमत्कार शोधत येतोच. सातेरीच्या देवळापुढे भरदुपारी चपलांचा ढीग पडला होता. कुळगीकडून दोन जीपा भरून आल्या होत्या. एरवी बस आली तरी मान न वळवणारी माणसं टाचा उंचावून एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होती.

मधोमध पाटावर बसले होते श्री रौप्यनाथ महाराज. अंगावर चंदेरी शाल, कपाळाला चंदेरी टिळा, दाढीलाही चंदेरी काहीतरी फासलेलं. समोर लाल फडक्यात गुंडाळलेलं एक भांडं. त्याचं नुसतं तोंड उघडं. शेजारी चेला. चेल्याच्या हातात थर्मास, आणि त्या थर्मासात म्हणे हिमालयातलं तीर्थ. हिमालयातून निघून ते अजून वाफाळत होतं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

"भक्तहो!" महाराज गरजले. "चांदी म्हणजे चंद्र! चंद्र म्हणजे मन! आणि मन म्हणजे तुमचे गेलेले वाडवडील! तुमच्या देव्हाऱ्यातला रुपया काळा का पडतो? बोला, का पडतो?"

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

"कारण त्याला तुमच्या पितरांचा श्वास लागतो! ज्या घरात माणूस गेलं आणि आत्मा अडकला, त्या घरची चांदी काळी! खोटं असेल तर सांगा!"

गर्दीतून एक हुंदका आला. लक्ष्मीआक्काचा. तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात गेला होता, आणि तिच्या देव्हाऱ्यातला रुपया खरोखरच काळाकुट्ट पडला होता. ती पुढं आली. महाराजांनी रुपया घेतला, सगळ्यांना दाखवला, भांड्यात सोडला. चेल्यानं चिमूटभर पांढरी विभूती टाकली, वरून तीर्थ ओतलं. भांडं फसफसलं, वाफ आली, आणि वाफेबरोबर असा सडका वास सुटला की पुढच्या रांगेनं नाकाला पदर लावले.

"आला वास? आला? हाच तो! निघाला!" महाराज ओरडले आणि चिमट्यानं रुपया वर काढला. पांढराशुभ्र. जणू आत्ताच टांकसाळीतून आला.

लक्ष्मीआक्का तिथंच खाली बसली. "गेलं गो बाय, सुटलं माझं माणूस," म्हणून ती रडू लागली, आणि तिच्याबरोबर अर्धा गाव रडला.

एक जण रडली नाही. सुनयना. हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, याच वाडीची सून. तिचा नवरा योगेश गोव्याला कामाला. इथे घरी ती आणि सासरे, दोघंच. तिला नास्तिक म्हणाल तर चुकाल. शनिवारच्या भजनात बायकांच्या बाजूनं पहिला सूर तिचाच असे. पण हा प्रकार बघून ती संतापली होती.

"लक्ष्मीआक्का," ती पुढं होऊन म्हणाली, "दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी आपण रुपये कशानं घासतो?"

"चिंचेनं. आनि राखेनं."

"आणि तुमच्यात औंदा दिवाळी झाली?"

"कशी हुईल गो? सुतकाचं वरीस न्हवं?"

"मग रुपया घासलाच नाही! चुलीजवळच्या देव्हाऱ्यात वर्षभर धुरात पडला, म्हणून काळा झाला. माणूस गेलेल्या घरचाच रुपया काळा दिसतो तो ह्यामुळं. आत्मा कशाला अडकेल त्यात?"

काय चूक होतं यात? काहीच नाही. पण लक्ष्मीआक्कानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू हिनं तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलं. आणि वाडीचे बुदवंत, म्हणजे गावाचा कारभार आणि देवीची पेटी ज्यांच्या हाती ते महाबळेश्वरअण्णा, खाकरून म्हणाले, "बाई, साळंतलं साळंत ऱ्हाऊ द्या. भजनात गाताय, आनि देवाच्या कामात आडवं येताय?"

"देवाच्या नाही अण्णा, ह्याच्या."

लोक हसले. महाराजही हसले, मोठ्या मनानं. "येऊ दे, येऊ दे. शिकलेल्यांच्या चांदीला दोष उशिरा दिसतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण एक सांगतो. सगळेच आत्मे सुटत नाहीत. काही हट्टी असतात. काही रुपये माझ्या कुंडातही काळेच राहतात. ते घरात ठेवू नका, काळी नदीत सोडायला माझ्याकडे द्या. आणि सगळ्यात वाईट कोणता? ज्यावरच्या राजाच्या छातीवर डुक्कर आहे तो! डुकराचा रुपया ज्या वाडीत असेल, त्या वाडीला सुख नाही!"

हे ऐकून सुनयनाच्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही. डुकराचा रुपया हा शब्द तिनं आठच दिवसांपूर्वी ऐकला होता, तोही बेळगावच्या बाजारात.

त्याचं असं झालं. सुनयनाचे सासरे कान्हूतात्या. चाळीस वर्षं या पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, मृदंगावर कान्हूतात्या. बुवांनी अभंगाचं पहिलं चरण उचलावं आणि तात्यांनी असा ठेका धरावा की बुवांनाच दुसरं चरण घेण्याची घाई व्हावी. दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला. आता कीर्तनाला ते देवळाच्या लाकडी खांबाला तळहात लावून बसत. खांब थरथरला की मान हलवत. ते पाहून सुनयनाला गाताना मधेच थांबावं लागे. डॉक्टर म्हणाले होते, कानाचं यंत्र घ्या, पण बरं घ्या; स्वस्तातल्यानं नुसता गलका ऐकू येईल, मृदंगाचे बोल ओळखायचे तर चांगलंच हवं.

चांगल्याला पैसे लागतात. मग तात्यांनाच आठवलं. त्यांच्या आजानं इंग्रजाच्या वेळी फॉरेस्टच्या कूपात, म्हणजे तोडीला काढलेल्या रानात, लाकूड तोडलं, त्याची मजुरी चांदीच्या रुपयांत मिळे. त्यातला एक रुपया आजीनं देव्हाऱ्यात येऊच दिला नाही. राजाच्या अंगावर डुक्कर हाय म्हणाली. तो एका बांबूच्या नळीत कोंबून माळ्यावर टाकला होता, तो तसाच पडून. सुनयनानं नळी उपडी केली, रुपया काढला, आणि बेळगावला बाबुरावांकडे नेला. बाबुराव म्हणजे जुन्या नाण्यांचे व्यापारी. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय बायकोलाही ओळखत नाहीत, असं गिऱ्हाइकं म्हणत.

त्यांनी रुपया बघायच्या आधीच विचारलं होतं, "धुतलाय काय ह्याला?"

"नाही."

"वाचलासा. असं पोटावर धरू नका, कडंनं धरा." मग भिंग लावून त्यांनी रुपया दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. "बाई, नाणं वयावर विकत न्हाई, चेहऱ्यावर विकतंय. हे बगा." त्यांनी शेजारी दुसरा एक रुपया ठेवला. "हा कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला. दर दिवाळीला घासून घासून राजाला कान न्हाई, मिशी न्हाई, मुकुट म्हंजे नुसतं टेंगूळ. ह्याला चांदीचा भाव. आता तुमचा बगा. मुकुटातला मणी न् मणी सुटा दिसतोय. कानाची पाळी हाय. कडंचे दाते जाग्यावर. हा कुणी बाजारात फिरवलेलाच न्हाई."

"आणि डुक्कर?"

"हत्ती हो तो! राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती. एकोणीसशे अकरा साली साचा करताना सोंड आखूड पडली, लोकांस्नी डुक्कर दिसलं, बोंब झाली. फुडल्या साली साचा बदलला. म्हणून अकराच्या रुपयाला आमच्यात डुकराचा रुपया म्हणत्यात." बाबुराव त्या रुपयाकडे लेकराकडे बघावं तसे बघत होते. "आनि ही वरची काळी-निळी झाक हाय न्हवं, ही त्याची कातडी. शंभर वर्सांत आपसूक धरलेली. घासली, धुतली, की गेली. मग पुन्हा लावता येत न्हाई, आनि भाव चौथाईवर येतोय. शौकीन लोक कातडीचे पैसे देत्यात. फुडल्या महिन्यात गोव्याचं गिऱ्हाईक येणार हाय. तंवर ह्याला पाण्याचा थेंब लावू नका."

आणि त्यांनी सांगितलेल्या रकमेत चांगल्या प्रतीचं यंत्र बसत होतं. परतीच्या वाटेवर सुनयना गाडीत चक्क गुणगुणत होती.

आता कळलं ना काटा का आला? डुकराचा रुपया हे नाव नाण्यांच्या व्यापाऱ्यांचं. हिमालयात कोण शिकवतं ते?

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असतानाच घात झाला. तात्यांच्या आजीची ती गोष्ट वाडीला ठाऊक होती; लक्ष्मीआक्कानं महाराजांच्या कानावर घातलं, की कान्हूतात्याच्या घरात तो रुपया आहे. वाडी तात्यांच्या दारी गेली. तात्यांना ऐकू येत नव्हतं. सगळे हात जोडताहेत, बोटांनी रुपयाचा गोल करून देवळाकडे दाखवताहेत, एवढं दिसलं. देवाचंच काहीतरी असेल म्हणून ते रुपया मुठीत घेऊन निघाले. सुनयनाला निरोप मिळाला, ती धापा टाकत देवळात पोचली, तेव्हा रुपया महाराजांच्या चिमट्यात होता.

"थांबा! पाण्यात टाकू नका!"

डुबुक.

चेल्यानं विभूती टाकली, थर्मास ओतला. सुनयनानं डोळे मिटले. तिला सासऱ्यांचा तळहात दिसला, खांबावर टेकलेला. मग गर्दीतून हाय खाल्ल्यासारखा आवाज उठला, आणि तिनं डोळे उघडले. रुपया काळाच होता. होता तस्सा, निळसर झाक घेऊन काळा.

अख्खी वाडी भ्याली आणि एकट्या सुनयनाच्या जिवात जीव आला.

"पाहिलंत!" महाराज थरथरत म्हणाले. थरथरणं त्यांना छान जमे. "हट्टी! महाहट्टी! शंभर वर्षांचा आत्मा! हा आजच्या आज नदीत गेला पाहिजे. आण रे पिशवी..."

पण कान्हूतात्यांना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांनी आपला हात पुढं केला, चिमट्यातून स्वतःचा रुपया काढून घेतला, कडेनं धरून धोतराला टिपला, कनवटीला लावला आणि घरची वाट धरली. महाराजांच्या तोंडचा पुढला मंत्र तोंडातच राहिला.

त्या संध्याकाळी तात्यांच्या घरी विस्तव मागायलाही कुणी आलं नाही. बुदवंतांनी निरोप धाडला: उद्या महाराज जायच्या आधी देवीची पेटी उघडायची आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नवसाचे रुपये शुद्ध करून घ्यायचे आहेत, त्यात कान्हूनं आपला रुपया आणून द्यावा, न दिला तर भजनात येऊ नये.

सुनयनानं तो निरोप पाटीवर लिहून तात्यांपुढे धरला. घरात तात्यांशी बोलायची हीच रीत होती. लिहिताना खडू दोनदा मोडला.

"भजनात येऊ नये म्हणतात!" ती स्वतःशीच ओरडली. "काल सांगितलं सुतकाचं, पटलं नाही. आज ओरडले, ऐकलं नाही. काय करू मी, भिंतीवर डोकं आपटू?"

तात्या पाटी वाचून शांतपणे म्हणाले, "सूनबाई, ती भांडी दोन हायत."

"काय?"

तिचं तोंड हललेलं त्यांना दिसलं. "तो बुवा बोलतोय तवा समदी त्याच्या तोंडाकडं बघत्यात. मला काय ऐकाय येतंय? मी हाताकडं बघत बसतो. मृदंग वाजीवनाऱ्याला हातच दिसतोय. मी मुठीतनं रुपया काढल्यावर तो चेला बुवाची शाल सारखी कराय वाकला, तवा फडक्यातलं भांडं बदललं. आदल्याची कड दुमडलेली, जाड. दुसऱ्याची पातळ, चकचकीत."

सुनयना उठली आणि स्वयंपाकघरात गेली. फळीवर तिचं रोजचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं होतं, कड दुमडलेलं. शेजारी स्टीलचं, पातळ कडेचं. दोन्हीकडे बघता बघता ती हसत सुटली. इतकं सोपं! नववीच्या वर्गात शिकवायचा धडा आपल्याच फळीवर बसून होता.

तिसऱ्या दिवशी देवीची पेटी देवळाबाहेर आली. बुदवंतांच्या हातात किल्ली. आणि कुलूप उघडायच्या आतच सुनयना जर्मनचं पातेलं, खायच्या सोड्याचा पुडा आणि उकळत्या पाण्याची किटली घेऊन मधोमध येऊन बसली.

"अण्णा, किल्ली फिरवायच्या आधी एक चमत्कार माझाही बघा."

तिनं एका बाईचं काळं पडलेलं चांदीचं जोडवं मागून घेतलं. पातेल्याच्या तळाला टेकवलं, सोडा टाकला, पाणी ओतलं. फसफस झाली. तोच सडका वास. जोडवं पांढरं.

"ना मंत्र, ना हिमालय. काळा थर म्हणजे चांदीला धरून बसलेला गंधक. गरम सोड्याच्या पाण्यात जर्मनचं भांडं त्याची पकड सोडवतं. सुटलेला गंधक वास मारतो, सडक्या अंड्यासारखा. पितर नाहीत ते. आपले पितर असे घाण वास मारत जातील का हो?"

गर्दी चुळबुळली. कुणीतरी फिसकन हसलं. महाराज मात्र पक्के. त्यांनी टाळी वाजवली.

"वा! देवीनं बाईच्या हातालाही गुण दिला! जोडव्यातला साधा दोष निघाला. पण बाई, हट्टी रुपयाचं काय? कालचा, जो माझ्या कुंडातही सुटला नाही? तो शुद्ध करून दाखवा! मग मी ही शाल उतरवून तुमच्या पायावर ठेवीन."

"दुसरा आणा. हट्टी म्हणून तुम्ही लोकांकडून घेतलेले आहेत ना, त्यातला एक आणा!"

"ते काळी नदीला मिळाले!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "उरला तो एकच."

"व्हय बाई, त्योच टाका," लक्ष्मीआक्का म्हणाली. "मग आमी मानू."

"टाका की! भेताय काय?" मागून कुणी ओरडलं.

तो रुपया पातेल्यात गेला की तिचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि यंत्र जाणार होतं. नाही टाकला तर पेटी उघडणार, आणि देवीच्या नवसाचे रुपये शालीखाली जाणार. तिनं लोकांना समजवायला सुरुवात केली, की या रुपयाची किंमत त्याच्या काळेपणात आहे, धुतला तर... आणि बोलता बोलताच तिला कळलं, की ते किती खोटं वाटतंय.

"बगा! आता किंमत आडवी आली!" लोक खदखदा हसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. खरं बोलायचं, आणि खोटं बोलणाऱ्यासारखं दिसायचं!

खांबाला हात लावून बसलेले कान्हूतात्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पाटी पुढं सरकवली. तिनं लिहिलं: तुमचा रुपया धुऊन दाखवा म्हणतात. धुतला तर यंत्र येणार नाही. मी नाही धुणार.

तात्यांनी वाचलं. पाटी पालथी ठेवली. कनवटीतून रुपया काढला, अंगठ्यानं त्या आखूड सोंडेच्या हत्तीवरून एकदा हात फिरवला.

"तात्या, नको!" ती ओरडली. कुणाला? ज्याला ऐकू येत नाही त्याला.

"यंत्र माझ्या येका कानाला," तात्या मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज थोडा चढाच असतो. "हितं आख्ख्या वाडीच्या कानात बोळा हाय."

आणि त्यांनी रुपया पातेल्यात सोडला. स्वतः सोडा टाकला. स्वतः किटली ओतली.

वास सुटला. शंभर वर्षांची कातडी फसफसत गेली. तात्यांनी उलथन्यानं रुपया काढून बुदवंतांच्या तळहातावर ठेवला. पांढरा, अजून गरम, कालच्या भांड्यात काळाच राहिलेला.

तात्या सरळ चेल्याकडे गेले आणि त्याच्यापाशी खाली पसरलेला महाराजांच्या शालीचा घोळ ओढला. लाल फडक्यात गुंडाळलेलं दुसरं भांडं गडगडत बुदवंतांच्या पायाशी आलं. स्टीलचं.

"ह्यात टाका आता काहीही काळं," सुनयना म्हणाली. "सुटणार नाही. स्टील गंधक सोडवत नाही. ज्याला परत द्यायचा तो रुपया जर्मनमध्ये, जो लांबवायचा तो स्टीलमध्ये. आत्मा नाही, अण्णा, भांडं हट्टी होतं."

बुदवंतांनी स्वतः एक काळं जोडवं घेऊन दोन्हींत टाकून पाहिलं. मग चेल्याची पिशवी उपडी केली. नदीला मिळालेले रुपये त्यातून बाहेर पडले. एकेक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, कडेनं धरून, काळी झाक तशीच राखून ठेवलेले. राजांच्या मिशा, मुकुट, मणी, सगळं जाग्यावर. महाराजांना नाण्यांची जात बाबुरावांइतकीच कळत होती; चांगल्या चेहऱ्याचा रुपया दिसला की तो हट्टी ठरत होता.

"देवीचा कोप होईल!" महाराज ओरडले.

"झालाय," बुदवंत म्हणाले, आणि देवीच्या पेटीची किल्ली त्यांनी पुन्हा कमरेला लावली. रामनगरहून पोलीस येईपर्यंत महाराज त्याच पाटावर बसले होते. शाल मात्र अंगावर नव्हती.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण पुढचं ऐका.

चार दिवसांनी लक्ष्मीआक्का आईचे पैंजण घेऊन सुनयनाच्या दारात. "बाई, तुमच्या हाताला गुण हाय. हे तेवढं शुद्ध करून द्या." सुनयनानं कपाळावर हात मारला. मग पातेलं तिच्याच पुढ्यात ठेवलं, सोडा तिच्याच हातात दिला. पैंजण पांढरे झाले. लक्ष्मीआक्कानं ते उलटसुलट करून पाहिले आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "हात्तिच्या! मग त्यात काय?"

"तेच तर सांगत होते, आक्का! त्यात काहीच नाही!"

बेळगावला बाबुरावांनी रुपया भिंगाखाली धरला आणि लगेच खाली ठेवला. "कुनी केलं हे?" सगळं ऐकल्यावर त्यांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. "चेहरा अजून हाय. पर कातडी गेली, बाई. मी फसवलं तर गिऱ्हाईक फसंल, तसं कराय येत न्हाई मला." त्यांनी सांगितलेला आकडा यंत्राच्या आसपासही जात नव्हता. वाडीत पेटी वाचली, पाकिटांतले रुपये घरोघर परत गेले. तात्यांच्या कानाचं विचाराल, तर बुदवंत म्हणाले, "बगू, फुडल्या देवकार्याला कायतरी करू." अजून बघताहेत.

भल्या लोकांनो, राग येतो तो यामुळं. बाबा लबाड होता, तो त्याचा धंदा. पण आपण? माणूस गेलेल्या घरचा रुपया काळा का, हे लक्ष्मीआक्काच्या स्वतःच्या जिभेवर होतं. चिंच, राख, सुतक, तिनंच सांगितलं. तरी पटलं नाही. डोळ्यांपुढचं खरं मानायला आपल्याला एका म्हाताऱ्याचा कान मोबदला म्हणून का द्यावा लागतो? नाम घ्या, भजन करा, देवाच्या दारात रडा. देव त्याला नाही म्हणत नाही. पण कुणी म्हणालं, हा चमत्कार आहे, तर भांडं उचलून बघा. फडकं काढा. त्याच्या तोंडाकडं नको, हाताकडं बघा. ज्याला फडकं काढलेलं चालत नाही, त्याच्याकडे देव नाही, एवढं पक्कं समजा.

सुनयना अजून शनिवारच्या भजनात गाते. तात्या खांबाला तळहात लावून बसतात आणि मृदंगाच्या थापेला मान हलवतात, कधी अर्धी मात्रा उशिरा. तो धुतलेला रुपया त्यांनी विकलाच नाही. देव्हाऱ्यातही ठेवला नाही. मृदंगाच्या खोळीत ठेवलाय.

आता माझं मागणं. आज घरी जाल, वाटेत कुठल्या तरी देवळातून मृदंग कानावर येईल. तुम्हाला तो ऐकू येईल. तेव्हा घटकाभर थांबा, आणि कुंभारवाड्याच्या कान्हूतात्याची आठवण ठेवा.